पॉप-अप की मोठी आरव्ही? आधी रात्री मोजा

जानेवारी-फेब्रुवारीत अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत आरव्ही शो भरतात. बाहेर बर्फ, आत झगमगाट, आणि ‘नुसतं बघून येऊ’ म्हणत सहकुटुंब निघालेली मंडळी. तीस फुटी गाडीच्या पायऱ्या चढून आत शिरलं की सोफा, ओव्हन, शॉवर, मुलांना वेगळे बंक. मुलं एकदा बंकवर चढली की उतरायचं नाव घेत नाहीत. सेल्समन महिन्याचा हप्ता सांगतो. तो किती वर्षं भरायचा, हे विचारल्याशिवाय सांगत नाही. त्याच हॉलच्या एखाद्या कोपऱ्यात दोन-चार पॉप-अप उघडून ठेवलेले असतात. तिथे गर्दी नसते.

माझं मत आधीच सांगून टाकते. शाळेत जाणारी दोन मुलं, दारात एक मिनीव्हॅन किंवा एसयूव्ही आणि वर्षाकाठी जेमतेम दोन-तीन आठवड्यांची सुट्टी, ही इथल्या बहुतेक मराठी घरांची स्थिती. अशा घराने मोठी आरव्ही विकत घेऊ नये. पॉप-अप घ्यावा, नाहीतर मोठी गाडी भाड्याने आणावी. दोन्हींपैकी काय, ते घरात कोण कोण आहे आणि कुठे जायचं आहे यावर ठरेल. निवृत्त झालेल्यांचं गणित निराळं, त्याकडे पुढे येऊच.

ज्यांनी अजून काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॉप-अप म्हणजे गाडीच्या मागे ओढायचा बसका ट्रेलर. मुक्कामी पोहोचल्यावर हँडल फिरवून छप्पर वर उचलायचं आणि दोन्ही बाजूंचे पलंग बाहेर ओढायचे. भिंती कॅनव्हासच्या. अलायनरसारखे काही ट्रेलर घडी घालूनही चारी बाजूंनी कडक असतात. आकार त्रिकोणी, जागा कमी. मोठ्यांत दोन जाती. एक ओढायची, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर किंवा फिफ्थ व्हील. दुसरी स्वतः चालणारी मोटारहोम: बसएवढी असेल तर क्लास ए, व्हॅनमध्येच घर केलं असेल तर क्लास बी आणि चालकाच्या डोक्यावर झोपायची जागा असेल तर क्लास सी. भाड्याने बहुधा क्लास सी मिळते. या गाड्यांचा मोठा हिस्सा इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत बनतो.

सोय रात्रीची की दिवसाची?

‘मोठी गाडी सोयीची’ असं सगळेच म्हणतात. ती सोयीची आहे, पण रात्री. पावसात साडेआठ वाजता कॅम्पग्राउंडवर पोहोचलात तर मोटारहोमवाला इंजिन बंद करतो, विजेची केबल लावतो आणि खिचडी टाकतो. पॉप-अपवाल्याचं काम तेव्हा सुरू होतं. ट्रेलर मागे घेऊन साइटवर बसवायचा, दोन्ही बाजू समतल करायच्या, चाकांना उटी लावायची, मगच हिच सोडवायची. चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे, हँडल फिरवत छप्पर वर न्यायचं, पलंग ओढायचे, त्यांना खालून दांडे लावायचे, कॅनव्हास ताणून कडांना अडकवायचा आणि छताला टांगलेलं दार खाली आणून चौकटीत बसवायचं. सराव झालेल्या दोघांना अर्धा तास पुरतो. पहिल्या खेपेला तासभर लागतो आणि तोवर नवराबायको एकमेकांशी बोलत नसतात. म्हणून पहिली उघडझाक घरच्या ड्राइव्ह-वेवर करावी, तीही उजेडात.

दिवस उजाडला की पारडं फिरतं. पॉप-अप साइटवर उभा आणि मिनीव्हॅन मोकळी. ट्रेकला जा, गावात दूध आणायला जा, सूर्योदय बघायला पहाटे चारला निघा. मोटारहोमवाल्याला दूध आणायलासुद्धा अख्खं घर न्यावं लागतं: केबल काढा, पाण्याची नळी काढा, ओट्यावरची भांडी आवरा, कपाटांना कड्या घाला, मग निघा. आणि पोहोचल्यावर उभी कुठे करणार? राष्ट्रीय उद्यानांतल्या लोकप्रिय ट्रेकच्या पार्किंगमध्ये उन्हाळ्यात सकाळी आठनंतर साधी गाडी मावत नाही, तिथे तीस फुटी गाडीची काय कथा. म्हणूनच मोटारहोमच्या मागे छोटी कार बांधून नेणारे लोक दिसतात. ती कार, ती ओढायचा दांडा आणि तिचे ब्रेक हा आणखी एक खर्च.

काही ठिकाणी तर नियमच आडवा येतो. ग्लेशियर उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रोडवर अव्हलांश क्रीक ते रायझिंग सन या मधल्या, म्हणजे सर्वांत देखण्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडी चालत नाही. गाडी आणि ट्रेलर यांची लांबी एकत्र धरतात, पण पॉप-अप खाली ठेवून १७ फुटांची मिनीव्हॅन खुशाल वर जाते. झायनमधल्या १९३० साली पूर्ण झालेल्या बोगद्यातून ११ फूट ४ इंच उंच आणि ७ फूट १० इंच रुंद या मापापलीकडच्या गाड्यांना वर्षानुवर्षं समोरची वाहतूक थांबवून, शुल्क घेऊन सोडत असत; २०२६च्या मध्यापासून अशा गाड्या दुसऱ्या वाटेने पाठवायचं उद्यानाने जाहीर केलं आहे. भाड्याच्या बहुतेक क्लास सी त्या रुंदीत बसत नाहीत. शेनान्डोहच्या स्कायलाइन ड्राइव्हवरचा मेरीज रॉक बोगदा १२ फूट ८ इंच उंच आहे, तिथून जाण्याआधी एअर कंडिशनर धरून गाडीची उंची किती हे माहीत असलेलं बरं. भाड्याच्या गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. पेट्रोल पंपाचं छत आणि ड्राइव्ह-थ्रूचा खांब तुमची वाट बघत असतात.

पॉप-अपला रस्ते सगळेच मोकळे असतात असं मात्र नाही. कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेवर कुठलाच ट्रेलर चालत नाही. न्यू जर्सीहून वॉशिंग्टनकडे जाताना बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांत १० पाउंडांहून मोठा प्रोपेनचा सिलिंडर नेता येत नाही, आणि पॉप-अपच्या पुढच्या बाजूला साधारण २० पाउंडांचा असतो. पूर्वी अशा गाड्या की ब्रिजवरून जात. तो २६ मार्च २०२४ रोजी जहाजाच्या धडकेने कोसळला, तेव्हा आता ६९५ महामार्गाच्या पश्चिम बाजूने वळसा घ्यायचा. जीपीएसला यातलं काहीच ठाऊक नसतं.

अस्वलं आणि आई-वडील

कॅनव्हासच्या भिंतीची दोन बंधनं अशी आहेत की त्यापुढे काही चालत नाही.

पहिलं अस्वलाचं. यलोस्टोनमधलं फिशिंग ब्रिज हे वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्ही जोडण्या असलेलं तिथलं एकमेव कॅम्पग्राउंड. तो ग्रिझलींचा वावर असलेला भाग असल्याने तिथे फक्त कडक भिंतींच्या गाड्यांना प्रवेश आहे. तंबू नाही, पॉप-अप नाही. आरक्षण करताना ही ओळ नजरेतून सुटली तर दारात पोहोचल्यावर परत फिरावं लागतं, आणि जुलैत दुसरी जागा मिळणं कठीण. योसेमिटीत पॉप-अप चालतो, पण सगळं खाणं साइटवरच्या लोखंडी पेटीत ठेवावं लागतं. खाणं म्हणजे फक्त भाजीपाला नव्हे. चिवडा, लाडू, लोणच्याची बरणी, टूथपेस्ट, मुलांचा सुगंधी साबण, सगळं. कडक भिंतींच्या आरव्हीत खिडक्यादारं बंद ठेवून अन्न आत ठेवता येतं. मसाल्यांचा वास कॅनव्हासमध्ये मुरतो हा आणखी एक मुद्दा. फोडणी बाहेरच्या शेगडीवर द्यावी. बहुतेक पॉप-अपची शेगडी उचलून बाहेरच्या कडेला अडकवता येते, ती सोय विकत घेतानाच तपासा.

दुसरं बंधन घरातल्या वडीलधाऱ्यांचं. पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत, त्यांना ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन दाखवायचं आहे. पॉप-अपचा पलंग कमरेच्या उंचीवर, त्यावर गुडघे टेकून चढायचं आणि पलीकडच्या कडेला झोपलेल्याने रात्री उठायचं तर अलीकडच्याच्या अंगावरून. लहान पॉप-अपमध्ये संडास नसतोच. काहींत सुटी पेटी असते, तिला आडोसा पडद्याचा. मग रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन दोनशे पावलं चालायचं, बाहेर हवा चार अंशांवर, बाबांची गुडघेदुखी आणि आईचा ‘मी सकाळपर्यंत थांबते’ हा हट्ट. हे करू नका. त्या एका सहलीसाठी मोटारहोम भाड्याने आणा किंवा त्यांच्यापुरती कॅम्पग्राउंडवरची केबिन घ्या. केओए या कॅम्पग्राउंडच्या साखळीत बऱ्याच ठिकाणी केबिन असतात. शेजारच्या साइटवर तुमचा पॉप-अप. तीन पिढ्यांच्या सहलीला मला हा तोडगा सर्वांत पटतो, आणि खर्चही मोटारहोमच्या निम्म्यावर राहतो.

जाता जाता, पाहुण्यांसाठी एक नवा खर्च आला आहे. १ जानेवारी २०२६पासून यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, झायन, ग्लेशियर यांसह ११ उद्यानांत अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला नेहमीच्या प्रवेशशुल्काखेरीज १०० डॉलर द्यावे लागतात. घरातले ज्येष्ठ मात्र नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असतील आणि वय ६२ झालं असेल, तर ८० डॉलरचा आजीव सीनियर पास लगेच काढा. त्यावर बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडचं भाडं निम्मं होतं.

मुलांच्या बाबतीत एकच, पण गंभीर गोष्ट. पॉप-अपसह जाताना मुलं तुमच्याच गाडीत, त्यांच्या नेहमीच्या कार सीटमध्ये बसतात. क्लास सीमध्ये जेवणाच्या टेबलापाशी जे बाक असतात, त्यांतला उलट्या तोंडाचा किंवा आडवा बाक कार सीटसाठी चालत नाही. समोर तोंड असलेली, पट्ट्याची जागा कधी कधी एक किंवा दोनच निघते. दोन लहान मुलं असतील तर भाड्याने घेतानाच हा प्रश्न विचारा. आणि गाडी चालू असताना मुलांनी मागच्या पलंगावर लोळत जायचं, हे जाहिरातीत छान दिसतं. कायद्यातही बसत नाही आणि अपघातातही परवडत नाही.

पैसा नेमका कुठे जातो

आरव्हीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘मायलेज किती?’ मला वाटतं, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. हिशेब करून पाहा. वर्षाला २,००० मैलांचा प्रवास धरला. क्लास सी गॅलनला १० मैल देते, म्हणजे २०० गॅलन. पॉप-अप ओढणारी गाडी १६ मैल देईल, म्हणजे १२५ गॅलन. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर फरक वर्षाला २६० डॉलरांच्या आसपास. एवढ्यासाठी कोणी रडू नये.

खरा पैसा जातो तो उभ्या गाडीवर. घसारा, व्याज, विमा आणि उभं करायचं भाडं. पुढचे आकडे मी गृहीत धरलेले आहेत, तुमच्या गावाप्रमाणे बदलून घ्या. पण रीत हीच ठेवा. पाच वर्षं वापरून विकायचं आणि वर्षाला १५ रात्री बाहेर काढायच्या, असं धरू.

वापरलेला पॉप-अप ७,००० डॉलरना घेतला, ४,०००ला विकला: वर्षाला ६०० गेले. हिच, वायरिंग आणि ब्रेक कंट्रोलर यांचे हजार डॉलर पाच वर्षांत वाटले की २००. विमा आणि नोंदणी २५०. टायर, बॅटरी, कॅनव्हासची डागडुजी ३५०. गराजमध्ये मावला तर जागेचं भाडं शून्य. एकूण १,४००, म्हणजे रात्रीला ९३ डॉलर. त्यावर साइटचे तीस-चाळीस.

२५ फुटी नवा ट्रॅव्हल ट्रेलर ३४,०००चा, विकताना १९,०००: वर्षाला ३,०००. व्याज १,८००, विमा-नोंदणी ६००, उभं करायचं भाडं महिन्याला १०० म्हणजे १,२००, देखभाल ९००. एकूण ७,५००, रात्रीला ५००. शिवाय तो मिनीव्हॅनने ओढला जाणार नाही, म्हणून घ्यावा लागणारा ट्रक यात धरलेलाच नाही.

नवी क्लास सी १,१०,०००ची, विकताना ६५,०००: वर्षाला ९,०००. व्याज ६,०००, विमा-नोंदणी २,०००, जागा १,८००, देखभाल २,२००. एकूण २१,०००. रात्रीला १,४०० डॉलर! एवढ्यात न्यूयॉर्कच्या चांगल्या हॉटेलात राहता येईल, आणि तिथे सांडपाण्याची टाकी आपल्याला रिकामी करावी लागत नाही.

आता तीच क्लास सी भाड्याने. १५ रात्री, रात्रीचे २०० डॉलर, मैलाला ४० सेंटप्रमाणे ८०० आणि वरची किरकोळ आकारणी ५००. एकूण ४,३००, रात्रीला २९०च्या खाली. घरचीच गाडी हवी असेल तर रात्री वाढायला हव्यात: वर्षाला ६० रात्री बाहेर राहणाऱ्याला तीच २१,०००ची गाडी रात्रीला ३५०ने पडते. जुनी गाडी घेतली तर आणखी खाली येते. म्हणून मी म्हटलं की निवृत्तांचं गणित निराळं. हिवाळ्यात तीन महिने मिशिगनहून अॅरिझोनाला जाऊन राहणाऱ्या जोडप्याला मोठी गाडी शोभते आणि परवडतेही.

हप्त्याच्या सापळ्याकडे जरा बारकाईने बघा. आरव्हीचं कर्ज पंधरा-वीस वर्षांपर्यंत मिळतं. गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते आणि कर्ज कासवाच्या गतीने, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या वर्षी विकायला काढली तर विक्रीच्या पैशांत कर्ज फिटत नाही, वरून पदरचे घालावे लागतात. ‘हे दुसरं घर धरलं जातं, व्याजाची वजावट मिळेल’ असं कोणी सांगितलं तर ते अर्धसत्य आहे. झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली गाडी आयआरएसच्या नियमांत दुसरं घर ठरू शकते हे खरं. पण त्यासाठी तुम्ही खर्चांची यादी देऊन वजावट घेणारे असायला हवं, आणि २०२५ला जोडप्याची सरसकट वजावटच ३१,५०० डॉलर होती. आपल्यातल्या कित्येकांना त्या व्याजाचा काडीचा उपयोग होत नाही.

जागेचा प्रश्न लोक विसरतात. घर एचओएच्या (रहिवासी संघटनेच्या) वसाहतीत असेल तर ड्राइव्ह-वेवर मोठी गाडी बहुधा उभी करता येत नाही. पॉप-अपलाही अनेक ठिकाणी दोन-तीन दिवसांचीच मुभा असते. गराजची खोली मोजा. बारा फुटी पेटीचा पॉप-अपही हिचच्या दांड्यासकट सोळा फुटांच्या पुढे जातो.

वजन: इथे अंदाज चालत नाही

‘आमची सिएना साडेतीन हजार पाउंड ओढते, पॉप-अप बावीसशेचा आहे, मग झालं’, हे वाक्य सर्रास ऐकू येतं. सिएना आणि ऑडिसीची ओढायची क्षमता ३,५०० पाउंड आहे, फोर व्हील ड्राइव्ह पायलट आणि पेट्रोलवरच्या हायलँडरची ५,०००, हायब्रिड हायलँडरची ३,५००. पण बावीसशे हे रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात बॅटरी, सिलिंडर, बिछाने, भांडी, खुर्च्या आणि २० गॅलन पाणी भरलं (पाणी गॅलनला ८.३ पाउंड) की पाच-सहाशे पाउंड सहज वाढतात. दुसरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर असतो: माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल तो. ट्रेलरचा जो भार हिचवर पडतो, साधारण एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, तोही याच आकड्यात मोजायचा. पाच माणसं, मागे तुडुंब सामान आणि हिचवर अडीचशे-तीनशे पाउंड झाले की ओढायची क्षमता शिल्लक असूनही गाडी वजनापलीकडे गेलेली असते. मागचा भाग बसतो, पुढचे दिवे आकाशाकडे बघतात आणि उतारावर ट्रेलर डुलायला लागतो.

बे एरियातल्या मंडळींसाठी: मॉडेल वायलाही ओढायच्या सोयीसह ३,५०० पाउंडांची मुभा आहे, पण ट्रेलर लावला की पल्ला जवळजवळ निम्म्यावर येतो. चार्जरच्या बहुतेक जागा गाडी नाकाने किंवा पाठीने घुसवायच्या असल्यामुळे प्रत्येक थांब्यावर ट्रेलर सोडवून पुन्हा जोडावा लागतो. टाहोपर्यंत ठीक, यलोस्टोनला नको. आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे. प्रवासाचा वेळ त्या हिशेबाने धरा.

कॅनव्हास आणि टाकी

दोन्ही प्रकारांत एकेक काम असं आहे की ते न आवडणाऱ्याने तो प्रकार घेऊच नये.

पॉप-अपचं काम म्हणजे ओला कॅनव्हास. रविवारी सकाळी पाऊस पडत असताना आवरावं लागलं तर ट्रेलर ओलाच मिटतो. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या, तो पूर्ण उघडून वाळवायलाच हवा. ऑफिस आहे, मुलांचं कराटे आहे, म्हणून शनिवारवर ढकललं की बुरशी धरते. तो वास पुन्हा जात नाही, आणि नव्या कॅनव्हासचा खर्च जुन्या ट्रेलरच्या किमतीच्या जवळ जातो. ज्यांच्याकडे उघडायला जागाच नाही, म्हणजे टाउनहाउसवाले, त्यांनी पॉप-अपच्या फंदात पडू नये. कॅनव्हासमधून शेजाऱ्याचा जनरेटरही ऐकू येतो, आणि आपल्या गप्पा शेजाऱ्यालाही. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते. चार मराठी कुटुंबं एकत्र गेली की हे लक्षात आणून द्यायला रेंजरच यावा लागतो.

मोठ्या गाडीचं काम म्हणजे टाक्या. संडासाची काळी टाकी आणि अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची करडी टाकी. डम्प स्टेशनवर हातमोजे घालून जाड नळी गाडीच्या तोंडाला नीट फिरवून बसवायची, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात, त्यावर दगड किंवा पाय. आधी काळी टाकी सोडायची, मग करडी, म्हणजे नंतरच्या पाण्याने नळी धुऊन निघते. काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह मुक्कामात उघडा ठेवायचा नाही, नाहीतर पाणी वाहून जातं आणि उरलेलं वाळून बसतं. टाकीत पाणी भरपूर लागतं. आपल्या लोकांची पाणी वापरायची सवय इथे कामाला येते, मात्र त्यामुळे टाकी भरतेही लवकर. घरात हे काम कोण करणार, ते गाडी घ्यायच्या आधी ठरलेलं असावं. हिवाळ्यापूर्वी नळांतलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरणं हेही आलंच. नळ असलेल्या पॉप-अपलाही ते चुकत नाही, फक्त काम छोटं असतं.

जुना घेताना

नवे पॉप-अप आता पूर्वीच्या मानाने फार थोडे बनतात, त्यामुळे बाजार मुख्यतः जुन्यांचाच आहे. मोठ्या गाड्यांच्या बाबतीत गिऱ्हाइकाला दिवस बरे आहेत. कोविडच्या लाटेत २०२१ साली अमेरिकेतल्या कारखान्यांतून ६ लाखांवर आरव्ही बाहेर पडल्या. २०२३ला हा आकडा ३ लाख १३ हजारांवर आला. हौसेने घेतलेल्या त्या वर्षांतल्या गाड्या आता फारशा न वापरता विकायला येत आहेत. पण घाईत बांधलेल्याही त्याच, तेव्हा दोनशे-चारशे डॉलर खर्चून तपासनीस लावावा. अनेक राज्यांत सदोष गाडीबद्दलचा लेमन कायदा आरव्हीच्या घराच्या भागाला लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

पॉप-अप स्वतः तपासता येतो. विकणाऱ्याला आधी उघडून ठेवायला सांगू नका. तुमच्यासमोर बंद अवस्थेतून उघडायला लावा. छप्पर चारी कोपऱ्यांवर सारखं वर जातं का, हँडल मध्येच अडतं का, ते बघा. आत शिरल्यावर पहिला श्वास महत्त्वाचा: कुबट वास आला तर तिथूनच परत फिरा. मग कोपऱ्यांत आणि दारापाशी टाचेने दाबा. लाकूड मऊ लागलं तर पाणी मुरलंय. कॅनव्हासकडे आतून, उन्हाच्या दिशेने बघा, सुईएवढी भोकंही चमकतात. टायरच्या कडेवर डीओटीच्या पुढच्या शेवटच्या चार आकड्यांत बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही कोरी दिसली तरी सहा वर्षांपुढचे टायर बदलायचे, तो खर्च किमतीतून वजा करून मागा. फ्रिज गॅसवर आणि विजेवर दोन्हीकडे चालू करून दाखवायला सांगा. तो थंड व्हायला काही तास लागतात, म्हणून आदल्या रात्री लावून ठेवायची विनंती फोनवरच करा.

आणि काहीही विकत घेण्याआधी, ज्या प्रकारावर मन बसलं आहे तोच एका लांब वीकएंडला भाड्याने न्या. आउटडोअर्सी आणि आरव्हीशेअरवर लोक आपले पॉप-अपही भाड्याने देतात. तुमचा नेहमीचा कार विमा आणि क्रेडिट कार्डाचं संरक्षण मोटारहोमला बहुधा लागू होत नाही, तेव्हा त्यांचा विमा घ्या. घेताना गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढा, छताचासुद्धा. सहल शक्यतो पावसाळी अंदाज असलेलीच निवडा. चार भिंतींआड दोन दिवस कोंडून घातल्यावर कुटुंबाचा खरा कौल मिळतो.

उन्हाळ्याची तयारी मात्र गाडीपासून सुरू करू नका, साइटपासून करा. रिक्रिएशन डॉट गव्हवर अनेक सरकारी कॅम्पग्राउंडचं आरक्षण सहा महिने आधी, सकाळी दहाला ईस्टर्न वेळेनुसार खुलं होतं, आणि लोकप्रिय जागा काही मिनिटांत संपतात. प्रत्येक साइटच्या पानावर जास्तीत जास्त किती फुटांची गाडी मावते, वीज आहे का आणि कॅनव्हासला मुभा आहे का, हे लिहिलेलं असतं. ते वाचा, साइट पक्की करा, आणि तिच्यात बसेल तेवढीच गाडी आणा.